सहा किलोमीटरवरून

होटगीच्या पुढे माळावर एक कुंपण आहे.
नकाशात नाही.
नकाशात तिथे फिकट पिवळा रंग,
म्हणजे पडीक, म्हणजे काही नाही.
त्या काही-नाहीला रात्री अकरा दिवे लागतात.
पाटी तीन भाषांत : छायाचित्रणास मनाई आहे.
तेलुगूत नाही, म्हणून नायना म्हणतात
आपल्याला चालत असेल.

पाटीचाच फोटो काढला तर?
पाटीखालच्या पोराला विचारलं. खांद्याला बंदूक,
ओठावर नुकती मिशी.
"म्याडम, आत काय हाय मलाबी म्हाईत न्हाई.
जावा तुम्ही."

गेले.
मागे मागे, सहा किलोमीटर,
एका गावाच्या बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीवर.
चार लग्नसराईंच्या पैशांतून घेतलेली लेन्स,
तिच्यावर ओला टॉवेल,
पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी.
मे महिना, दुपारचे दोन.
सोलापूरचं ऊन मधे उभं राहतं
आणि कुठलीच रेघ सरळ ठेवत नाही.

फोटोत आलं ते असं :
खाली विटकरी पट्टा, वर राखी,
मधे थरथरत्या काळ्या उभ्या रेघा.
नायनांनी चष्मा कपाळावर चढवला.
चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस.
"ताणा सुटलाय," म्हणाले,
"हा माल परत येणार बघ."

तरी सात फोटो मोठे करून टांगले,
साखर पेठेत, एका कार्यालयाच्या तळघरात.
फोकस गेलाय, असं बरेच जण म्हणाले.
मावशीने विचारलं, नवरी कुठाय.
तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यांतला एकजण आला,
बूट मात्र साधे नव्हते.
सातही फोटोंपुढे सारखाच वेळ थांबला,
वहीत 'उत्तम' लिहिलं,
सही केली नाही.

आणि संध्याकाळी सुबराव काळे.
सेटलमेंटमधले. वय विचारलं की सांगतात,
तार काढली तवा मी कमरेएवढा हुतो.
खुर्ची नको म्हणाले,
पाचव्या फोटोपुढे जमिनीवर बसले.
काचेवर बोट ठेवलं.
"ह्यो खांब. ह्यो खांब. मधी आठ हात.
ह्यो आतल्या अंगाला कललाय,
हितं तार ढिली आसंल.
हितनं पोरं निसटत्यात."

नाना, मी म्हटलं, यात तर काहीच दिसत नाही.

"तुला न्हाई दिसत. तू भायेरनं काढलाय.
आमी आतनं बघितलीया.
सांजसकाळ हजेरी, नाव पुकारलं की हाजिर.
गावाला तवाबी ठावं नव्हतं
आत काय हाय."

उठताना गुडघ्यावर हात टेकून थांबले.
"माणसं हायत का गं आत?"

अकरा दिवे मोजले होते मी.
गाड्या किती वाजता येतात, कुठल्या चाकांचे वळ
पावसानंतरही राहतात, सगळं वहीत होतं.
तेराशे फोटो. प्रत्येक वेळी विचारलं ते एवढंच :
काय आहे.
कोण आहे, हे एकदाही नाही.

काचेवरचा बोटाचा डाग पुसला नाही.

काल पहाटे पुन्हा टाकीवर चढले.
उजाडताना, ऊन मधे येऊन उभं राहायच्या आधी,
दहा-पंधरा मिनिटं हवा गप्प असते.
कुंपणावर काहीतरी पडलेलं दिसलं.
लाल. चौकोनी.
एकच फोटो मिळाला, मग रेघा हलायला लागल्या.

नायनांनी तो खिडकीशी नेला.
चादर आहे, म्हणाले.
आपल्याकडची का, कुणाच्या मागावरची,
ते इतक्या लांबून कसं सांगू.
नक्षी दिसत नाही.
मग बराच वेळ गप्प.
मग नखाने खालची कड दाखवली :

ओली आहे.
खालून ओढतेय, बघ.