माळवा कुठं संपतो

वर्गात मी कोरे कागद वाटले
आणि म्हटलं, पुस्तकं मिटा.
माळव्याची हद्द काढा, मनानं.
गुण दहा: रेघेला चार, प्रमाणाला दोन,
सूचीला दोन, नीटनेटकेपणाला दोन.

खंडवा रोडवरच्या या कॉलेजात एकोणीस वर्षं
मी एकच गोष्ट सांगत आलेय,
की प्रदेश वाटेत पडलेल्या नाण्यासारखा सापडत नसतो.
आपण आधी कसोटी ठरवतो, मग तो दिसू लागतो.
काळी माती म्हणाल तर एक माळवा.
समपर्जन्य रेषा धराल तर दुसरा, जरा पोटात खचलेला.
इंदूरला पहाटे कुठकुठलं दूध येतं ते मोजाल तर तिसरा,
आणि तो लग्नसराईत फुगतो.

लोकेंद्रचे वडील टँकर चालवतात.
त्यानं देपालपूर, सांवेर, हाटपिपल्या
अशी टोकं जोडली आणि पेन खाली ठेवलं:
‘याच्या पुढचं दूध आपलं नाही, मॅडम.’

फरहीननं रेघ मानपूरच्या घाटातून नेली.
का, विचारलं तर म्हणाली,
तिथं कान बंद होतात.
खाली नानीकडे मग रात्री गोधडी लागत नाही.
मी समोच्च रेषांवर तिचा कागद ठेवून पाहिला.
पोरीचे कान
कड्याला धरून चालले होते.

रेमसिंग डावरच्या कागदावर हद्दच नव्हती.
जोबट कोपऱ्यात, तिथून तुटक तुटक रेघ, दाहोद, मग कागद संपला
म्हणून मोरबी त्यानं पाठीमागं काढली.
खाली बारीक अक्षरात:
दिवाळीपासून होळीपर्यंत आमचं गाव इथं असतं.
सूची: गोल म्हणजे मामा, चौकोन म्हणजे विटा.
प्रमाण: एक बोट, एक रात्र बसची.

नणंदेचा पुण्याहून फोन.
मी बोलता बोलता म्हटलं, कागद तपासून राहिलेय,
आणि ती हसली.
वहिनी, आपल्याकडे असं नाही म्हणत हं.
त्या ‘आपल्याकडे’ची सीमा कुठून जाते
ते मला बिनचूक ठाऊक आहे.
माझ्या उंबऱ्याच्या एक इंच अलीकडून,
चार पिढ्या.
तिला सांगावंसं वाटलं, बाई,
सरकारी नकाशात मालवा लिहितात.
ळ तुझ्या-माझ्या तोंडात आहे
आणि सांवेरहून मेथी घेऊन येणाऱ्या म्हातारीच्या.
ती माळवो म्हणते, ठसक्यात,
आणि तिनं पुणं ऐकलेलंसुद्धा नाही.
त्या ळ-चा एक नकाशा कुणी काढला
तर तू, मी आणि ती मेथीवाली
एकाच रंगात रंगवल्या जाऊ.
पण मी म्हटलं, हो गं, सवय आहे,
आणि पावसाचं विचारलं.

कागद पुन्हा पुढ्यात.
नीटनेटकेपणा: एक. (मोरबीवर तेलाचा डाग.)
प्रमाण: दोन.
सूची: दोन, अडीच देता आले असते तर अडीच.
रेघ:
इथं पेन टेकवून बसलेय,
शाईचा ठिपका मोठा होतोय.
हद्द नाही म्हणून कापायचे चार?
का त्याची हद्द दर वर्षी बसच्या टपावर
गाठोड्यांसकट बांधून नेतात
म्हणून ती कागदावर थांबली नाही?
उत्तरसूची मीच लिहिली होती. तिच्यात हे नाही.

साडेदहा वाजले असतील.
खाली गल्लीत कुणी ओरडलं, भिया, नळ आ गया!
एक दिवसाआड येतं,
जलूदहून, नर्मदेतून उपसलेलं,
फरहीनची रेघ ओलांडून,
कान बंद करणारा सगळा घाट चढून.
निमाडचं पाणी. आम्ही इंदूरचं म्हणतो.

मी कागद तसाच उघडा ठेवला
आणि बादली लावायला उठले.