निळीच्या बाटल्या

निळीचं पाणी भरून पाच बाटल्या
मी कंपाउंडच्या कडेनं मांडल्या.
कुणीतरी सांगितलेलं, निळं दिसलं की कुत्रं बिचकतं.
पैलवान आला.
नावाचाच पैलवान, बरगड्या मोजून घ्याव्यात असा,
तालमीच्या दारात जन्मला, एवढीच त्याची कुस्ती.
त्यानं पहिल्या बाटलीचा वास घेतला,
दुसरीवर तंगडी वर केली
आणि शेवंतीत जाऊन अंग टाकलं,
धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखं.

सानेगुरुजी वसाहतीत दहा बाय बारा फूट,
एवढीच माझी जमीन.
पस्तीस वर्षं उद्यमनगरात साचे भरले
काळ्या वाळूत कोपरापर्यंत हात घालून.
सुटलो तेव्हा म्हटलं, आता जरा हिरवं काहीतरी.
मेथी पेरली, कोथिंबीर पेरली,
माती चाळून, तळव्यानं थापून,
जुनी खोड, एक खडा राहू द्यायचा नाही.
मला काय माहीत
असली माती म्हणजे मांजरांना
नवा कोरा संडास!

मग बोरीच्या काट्या.
मुडशिंगीच्या मेव्हण्यानं सायकलला बांधून आणल्या.
पंधरा दिवसांत सगळ्यात जास्त काटे
माझ्याच टाचेत.
मग लिंबाच्या साली, मग कॉफीची पूड;
आमच्यात कॉफी पितं कोण?
शालननं बिल बघितलं, बोलली नाही.

तिखटाला मात्र बोलली.
ब्याडगी, संकेश्वरी, थोडी लवंगी,
गच्चीवर वाळवून, डंकावर उभं राहून
कुटून आणलेलं वर्षाचं तिखट
मी मुठीनं वाफ्यात भुरभुरवत होतो
आणि रंकाळ्याकडनं वारं फिरलं.
मी शिंकतोय, डोळ्यांना धारा,
भिंतीवर ती तपकिरी मांजरी
पुढचे पाय पोटाखाली घेऊन
फुकटातलं नाटक बघतेय.
"घाला, घाला," शालन दारातनं,
"कांदा-लसूण पण देते आणून,
बसा दोघं भाकरी घेऊन."

शेवटी जाळी. लक्ष्मीपुरीत इलाहीभाई बागवानांकडं.
मोजता मोजता म्हणाले, "कोंबड्या पाळल्या व्हय?"
म्हटलं, नाही. मेथी.
ते हसले नाहीत.
"आमच्यात पण एक बोका आहे," म्हणाले,
आणि फूटभर जाळी जादा सोडली.

सकाळी जाळी जागच्या जागी.
आत, काल शिंपलेल्या मातीत
एक पाऊल.
एकच. कुठनं आली, कशी गेली,
अंबाबाईला माहीत.
मी उकिडवा बसलो.
चार बोटं, मागं गादी,
कड कुठं ढासळलेली नाही, तळ गुळगुळीत,
पॅटर्न उचलताना हात हललाच नाही असा.
असला साचा भरायला
मला सहा वर्षं लागली,
आणि तरी पाटणकर फोरमन
बुटाच्या टोकानं उडवून म्हणायचा, पुन्हा.
हिनं चालता चालता केला.

चहा तसाच निवला.
मनातल्या मनात मी भट्टी लावली,
लालभडक लोखंड त्या चार बोटांत सोडलं,
गार होईतोवर थांबलो.
मग झारीनं पाणी घातलं,
पण तेवढी वीतभर जागा टाळून.

पुढं गल्लीत कुणाच्या बांधकामाची वाळू उरली,
दोन पाट्या आणून मागच्या कोपऱ्यात ओतली.
चाळून.
शालन म्हणाली, "हे आणि कुणासाठी?"
"असू दे."
आता त्या वाळूत पैलवान झोपतो.
मांजरी अजून मेथीतच जाते.

बाटल्या काढायच्या राहिल्यात.
उन्हं कलली की निळा कवडसा
कुत्र्याच्या पाठीवर हलत राहतो.
परवा सरनोबत वहिनींनी भिंतीवरनं विचारलं,
"निळीनं फरक पडतो का हो?"
"पडतो की," म्हटलं.
त्यांच्या दारात आज सात बाटल्या आहेत,
कुंकवाच्या पाण्याच्या.
पैलवान सकाळी तिकडं जाऊन आला.