दरपत्रक

शहरातून आलेल्या फोटोग्राफरसाठी तीन दिवस
मी रिफ्लेक्टर धरून उभा होतो.
दिवसाचे पंधराशे, जेवण त्याचं.

वेंगुर्ल्याहून मठच्या रस्त्याला काजूचा कारखाना,
तापलेले पत्रे, पायानं दाबायची यंत्रं,
आणि टरफलाच्या चिकाचा तो वास
जो तीन धुण्यांनंतरही माझ्या शर्टाला होता.

मागच्या दारात त्यानं काळं कापड टांगलं.
म्हणाला, इथला उजेड मऊ आहे.
वीस वर्षं त्या दारावरून जातोय मी,
मला तिथं गोणी दिसायच्या.

जयवंती मोचेमाडकर पुढे आली.
"जरा थांबा, बरी साडी नेसान येतंय."
नको, अशाच उभ्या राहा.
केस तरी विंचरते. नको.
हात पुढे धरा. हसू नका.
ती त्याच्याकडे बघून हसली नाही,
माझ्याकडे बघून हसली,
तेवढा एक फोटो वाया गेला.

त्या तासाभरात फोडायचं राहिलं ते राहिलं.
मुकादमानं संध्याकाळी वहीत किलो लिहिले,
तास लिहायला वहीत रकाना नव्हता.

दिवाळीनंतर टपालानं प्रदर्शनाची पुस्तिका आली.
सोळाव्या पानावर जयवंती.
मूळ फोटो म्हणे भिंतीएवढा लावलेला.
खाली छापलंय: काजू कामगार, कोकण किनारा.
फोटोग्राफरचं नाव पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर,
मधेही कुठंतरी.
खोटं कशाला सांगू, फोटो चांगला होता.
इतका चांगला की मला राग आला.
अंगठ्यावरची एकेक भेग मोजता येत होती,
राख चोळून चोळूनही
नखाखाली राहिलेलं काळं.

त्याच आठवड्यात ती दुकानात आली.
रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नव्हता.
एका हाताची पाच बोटं झाली, दुसऱ्याची पाच झाली,
मशीन म्हणत राहिलं, पुन्हा प्रयत्न करा.
शेवटी कुणीतरी सांगितलं,
फोटो चिकटवून अर्ज द्या, बघू.

मी पुस्तिका उघडून तिच्यापुढे ठेवली.
चष्मा नव्हता, तिनं ती हातभर लांब धरली.
"बाय माझे, म्हातारी दिसतंय मरे."
मग, "भितीएवडो?
माझ्या घराक एवडी भित खंय आसा?"
मग बराच वेळ काही नाही.
बाहेर एसटी लागली, उतारू उतरले, एसटी गेली.
"ह्या दाखवला तर रेशन गावात काय?"

मी दोरीला बांधलेला कंगवा तिच्याकडे सरकवला.
तिनं भांग पाडला, पावडर लावली,
निळ्या पडद्यापुढे स्टुलावर ताठ बसली.
"ह्यात हात येवचे नाय मां?"
"नाय गे. फक्त तोंड."
हे ऐकून ती अशी हसली
की मला सांगावं लागलं,
सरकारी फोटो आहे, हसायचं नाही.
सांगून झाल्यावर कळलं, कुणाचं वाक्य बोललो.

पदराच्या गाठीतून तिनं चाळीस रुपये काढले.
घेतले नाहीत असं लिहायला बरं वाटलं असतं.
घेतले.
मोजलेसुद्धा, सवयीनं.

तेवढ्यात ती म्हणाली, "तो कॅमेरो माका दी बघू.
आता तू उभो रव. हसा नको हां."
राख-तेलाचं बोट बटणावर जरा घसरलं,
मग वाजलं.

तो फोटो मी अजून पुसून टाकलेला नाही.
माझं डोकं कापलं गेलंय.
शर्ट आलाय, खिशातलं पेन,
नोटा धरलेले दोन हात, गुळगुळीत.
आणि मागच्या भिंतीवरचं दरपत्रक
अगदी स्वच्छ, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं:
पासपोर्ट, आठ कॉप्या, चाळीस.
अर्जंट पन्नास.