सेहेचाळीस

तोंडावर निळं रबर ताणलेलं,
त्यातून एकच दात वर आलेला, उजवा, खालचा,
त्यांच्या हिशोबात सेहेचाळीस.
बाकीचा मी रबराखाली.
बोलायची सोय नाही.
होय असेल तर एक बोट, दुखलं तर आख्खा हात,
असं ठरलंय.

योव्हिता शेवटच्या वर्षाला आहे.
आधी दोन वर्षं प्लॅस्टिकच्या डोक्यांवर हात बसवला,
स्प्रिंगचे जबडे, तळघरात रांगेनं बावीस डोकी.
ती आवंढा गिळत नसत, म्हणाली.
मी गिळतो.
ती थांबते. मग पुन्हा.

मी इथं येतो कारण स्वस्त पडतं.
चारचौघांत सांगतो, शिकणाऱ्यांना मदत.
ग्दान्स्कच्या गोदीत एकतीस वर्षं वेल्डिंग केलं,
पेन्शन विचारू नका.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
इथं माझे कोरून पोरं पदवी घेतात.

तिची करंगळी माझ्या हनुवटीवर टेकलेली असते.
टेकू नसेल तर बारीक काम होत नाही,
हे मला वितोल्डनं शिकवलं होतं,
मनगटावर हातोडीचा दांडा मारून.

चौथी फाइल आत गेली
आणि एक आवाज आला. टिक् सुद्धा नाही,
त्याचा अर्धा.
मला हाडातून ऐकू आला.
तिची बोटं थांबली.

डॉक्टर ग्झेलाक दोन खुर्च्या पलीकडे, पाठमोरे.
कुणी पाहिलं नव्हतं.

हा क्षण माझ्या ओळखीचा आहे.
एकोणऐंशीचा नोव्हेंबर, सतरा नंबरचा सांगाडा,
तळाकडच्या भिंतीचा एक जोड,
आत पोकळी राहिलेली, फक्त मला ठाऊक.
दुपारी रंगारी येणार होते.
एक्स-रे दहातल्या एकाच जोडाचा काढत,
माझा उरलेल्या नवांत गेला.
आपलेच दात, आपलेच ओठ.
रंग बसला, जहाज गेलं.
बुडाल्याचं कधी कानावर आलं नाही.
तरी बातम्यांत उत्तरेचं वादळ आलं
की मी अजून टीव्हीचा आवाज वाढवतो.

तिनं एक्स-रे काढला.
ग्झेलाकना हाक मारली, स्वतःहून.
मग माझी खुर्ची सरळ केली,
समोर येऊन स्टुलावर बसली, डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीला.

“पान बोगुमिल, फाइलचं टोक तुटून आत राहिलंय.
माझ्या हातून. अडीच मिलिमीटर.
काढायला गेलं तर मूळ चिरू शकतं.
ठेवलं तर दर सहा महिन्यांनी पाहावं लागेल.
दोन्ही समजावून सांगते, मग तुम्ही ठरवा.”

कान लालबुंद.
आवाज एकदाच हलला, “माझ्या”वर.

ग्झेलाक मध्ये बोलले नाहीत.
वहीत काहीतरी लिहिलं,
गुण असतील, नाहीतर दुपारच्या जेवणाचं.

पडद्यावर माझा दात.
मुळात एक पांढरी रेघ, पापणीच्या केसाएवढी.
आमच्या फिल्मवर दोष काळा दिसायचा.

एक बोट होयसाठी होतं,
पण प्रश्न होय-नाहीचा नव्हता.
मी आख्खा हात वर केला.
“दुखतंय?” ती उठलीच.
रबर काढ, अशी खूण केली.

लाळ पुसली. अर्धा ओठ बधिर,
शब्द तिरपे सांडत होते.
राहू दे, म्हटलं. टोक राहू दे आतच.
आणि मग, का कोण जाणे,
सतरा नंबरचं सांगायला लागलो,
पन्नास वर्षं होत आली, बायकोलाही न सांगितलेलं,
तेविशीच्या पोरीला,
दारात पुढचा पेशंट जाकिटाची चेन वरखाली करत असताना.

तिनं ऐकलं. हातमोजे काढले नव्हते,
दोन्ही हात हवेत तसेच धरून.
किती समजलं माहीत नाही, माझा ओठ असा.

“मग ते जहाज?” तिनं विचारलं.

पुढची तारीख मेमधली दिलीय.
तोवर डाव्या बाजूनं खायचं.