एक सूत

ढवणाच्या कोंडीतलं पाणी उतरलं की
मार्गशीर्षात कधीतरी मी जाते.
काळ्या कातळात तीन बोल्ट बसवलेत,
स्टीलचे, करंगळीएवढे.
त्यांवर उपकरणाची तिवई ठेवायची,
मधली सुई हळूच खडकावर टेकते
आणि डायल सांगतो
गेल्या वर्षाहून नदीचा तळ किती खाली गेला.

सांगायला सोपं.
पहिल्याच वर्षी एक बोल्ट कुणीतरी उपटून नेला,
बहुधा जाळ्याला वजन म्हणून.
नवा बसवला, तर पुराने
हंड्याएवढा धोंडा घाटावरून आणून
नेमका सुईच्या जागेवर ठेवला.
तो ढकलायला बाबल घाडी आले,
तेव्हापासून दर वर्षी येतात.
ब्रशने शेवाळ काढतात, मग डायलवर छत्री धरतात.
उन्हाने धातू फुगतो,
हे त्यांना एकदाच सांगावं लागलं.

"किती झिजलो?"
शून्य पूर्णांक शून्य पाच, मी म्हणते. मिलिमीटर.
"सुतात सांग गे."
त्यांची हयात चिरेखाणीवर गेली,
अर्ध्या सुताने चुकलेला चिरा ते नजरेनेच बाजूला काढत.
वहीच्या कडेला मी भागाकार केला.
एक सूत झिजायला
त्रेसष्ट वर्षं.
बाबल थोडा वेळ गप्प.
"म्हंजे माझ्या जल्माक एक."
चिमटीत धरून दाखवलं त्यांनी ते.
चिमटीच्या फटीतून
पलीकडचं पाणी दिसत होतं.

त्या दुपारी त्यांच्याकडे जेवले.
तिरफळं घातलेला बांगडा. शेवंतीवहिनींनी
पाटा धुऊन भिंतीला उभा केला होता,
मधोमध होडीसारखा खोलगट.
"ह्येचो दर काढ," बाबल म्हणाले.
दोरा ताणला, पट्टी लावली:
दीड इंच, बत्तीस वर्षांत.
नदीच्या चोवीस पट.
"मग तो गेलो खंय?" वहिनी.
कुणीच बोललं नाही.
मग सगळ्यांनी एकदमच
आपापल्या ताटाकडे पाहिलं.

सहाव्या वर्षी सुई उलटी बोलली.
खडक वर आला होता.
चार वेळा घेतलं माप, चारही वेळा
शून्य पूर्णांक शून्य दोन, वर.
ओल पिऊन दगड किंचित फुगतो, हे माहीत आहे मला.
तरी प्रबंधात लिहिलं: त्रुटी.
आलेखात ते वर्ष एका तुटक रेषेवर
घाईने ओलांडलं.
बाबलना मात्र नवल वाटलं नव्हतं.
"इसावलो आसतलो," म्हणाले,
आणि ब्रश झटकून पिशवीत ठेवला.

यंदा गेले तर कोंडीपर्यंत
ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता.
गाळ काढायचं काम मंजूर झालं होतं,
गाळाखालचा कातळही थोडा निघाला.
बकेटच्या दातांचे पाच ओरखडे,
ताजे, राखाडी, आतून कोरडे.
खोली चार इंच.
बाबलनी वाकून पाहिलं, ओठ हलले.
"बत्तीस सुतां."
दोन हजार वर्षं, मी मनात.
"दुपारच्या जेवणाआधी," बाबल म्हणाले,
मशीन चालवायला त्यांचाच पुतण्या होता.

तीनपैकी दोन बोल्ट जागेवर आहेत.
दोन पायांवर तिवई उभी राहत नाही,
तरी मी ती पेटीतून काढली,
फडक्याने पुसली.
वहीत तारीख घातली. वेळ. हवेचं तापमान.
पुढच्या रकान्यात काय लिहायचं
याचा विचार करत उकिडवी बसले
तेव्हा डोक्यावर सावली आली.

सवयीने
बाबलनी छत्री उघडली होती.