थप्पड पोचेपर्यंत

दर दुसऱ्या मंगळवारी
वाचनालयाची गाडी घेऊन
मी वेझर नदीकाठची नऊ गावं करते.
डिझेलचा वास, ओल्या कोटांचा वास,
आणि मागच्या फळीवर त्या कादंबऱ्या
ज्यांची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

पाठ आहे, तरी तीच फळी आधी रिकामी होते.
खून-बिन धूळ खात पडतात.
बूट कुणाच्या पायात बसणार,
आरसा काय बोलणार,
सगळं ठाऊक असलेलं पुस्तक
लोक असं उचलतात
जसं घरातलं जुनं भांडं,
टवका कुठे उडालाय ते बोटांना माहीत असलेलं.

बेकरीतल्या डोर्टेच्या घरी
नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या दोन मुली आहेत.
त्या तिला नावाने हाक मारतात.
सावत्र आईच्या तोंडून सांगितलेली कादंबरी
तिने तीनदा मुदत वाढवून ठेवून घेतली.
परत आली तेव्हा पानांत पिठाचा बारीक थर,
आणि ती बाई हातात कंगवा घेऊन
मुलीच्या दारापर्यंत जाते अन् तशीच मागे फिरते,
तिथे कोपरा दुमडलेला.
मी तो सरळ केला.
मग पुन्हा होता तसा दुमडला.

आन्स्गार वनरक्षक. जंगलात लांडगे परतलेत,
तेव्हापासून त्याला लांडग्याची बाजू हवी असते.
दिली. परत करताना म्हणाला,
"फार बोलतो हो हा लांडगा."
पण दुसरा भाग मागून गेला.

मला विचाराल तर
मला हे सगळं शिळ्या कढीला ऊत वाटायचं.
पण ड्रायव्हरला कोण विचारतं?

शेवटच्या थांब्यावर, चर्चच्या मागे, लेनार्ट येतो.
अकरा वर्षांचा. जुलैतही लांब बाह्या.
पुस्तक घरी नेत नाही,
पायरीवर बसून वाचतो, माझी कॉफी संपेपर्यंत.
हल्ली माझी कॉफी लवकर संपत नाही.

चातीचं टोक बोटाला लागतं
अन् अख्खा राजवाडा झोपतो, ती गोष्ट.
माझ्या लहानपणी तिच्यात
भिंतीवरच्या माशा झोपायच्या, चुलीतला जाळ झोपायचा,
आणि पोऱ्याच्या कानाखाली वाजवायला
आचाऱ्याने उगारलेला हात
शंभर वर्षं हवेतच.
मग जाग. माशा उडतात, जाळ धडधडतो,
थप्पड बसते.
आम्ही पोरं इथेच सगळ्यात जास्त हसायचो.

लेनार्टने पानावर तळवा ठेवला.
"यात बसते का?"
"वाच की पुढे."
"नाही. आधी सांगा."

मी उभ्यानेच वाचलं.
हात आणि गाल यांच्यामध्ये, वीतभर अंतरात,
लिहिणारीने चाळीस पानं घातली होती.
बोटांमध्ये कोळी जाळं विणतो,
एक हिवाळा येतो, मग अनेक,
खिडकीतून शिरलेली एक चिमुकली पाखरी
त्या उघड्या तळव्यात घरटं करते,
पिल्लं उडतात, दुसरी येतात,
आणि झोपेतच हाताला
हळूहळू आपलं वजन कळत जातं.
बाहेर अंधार पडला. डेपोतून दोनदा फोन आला.

"बसत नाही," मी म्हणाले.
"नक्की?"
"पुढचं पानही पाहिलं."
त्याने पुस्तक घेतलं, ते पान शोधलं,
स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केली,
आणि पुस्तक माझ्या हातात देऊन गेला.

त्या रात्री मी एका कार्यालयात फोन केला.
नाव सांगितलं, पत्ता सांगितला, बाह्यांबद्दल सांगितलं.
त्या गोष्टीचा शेवट
मला अजून माहीत नाही.

पुस्तक माझ्या सीटखाली असतं.
नोंदवहीत ते हरवलंय.
दर दुसऱ्या मंगळवारी लेनार्ट येतो,
तेच पान काढतो,
अजूनही बसत नाही ना, ते बघतो.