चार बोटं खोल

कुतैसीच्या बाजारामागे, गाद्यांच्या दुकानात
त्सोतने नावाचा पोरगा म्हणाला,
"बूट काढा, आजी. झोपून बघा."
भरदुपारी, चार लोकांत, प्लास्टिकवर
मी पाठ टेकली.
मोज्याला भोक. अंगठा बाहेर.

"अशा कडेला का? मध्ये या की."
मध्ये कशी येऊ, बाबा,
एक्केचाळीस वर्षं डावी कड माझी.

घरची गादी लोकरीची. दर ऑगस्टला उसवायची,
लोकर धुवायची, अंगणात पसरून काठीनं झोडायची,
पुन्हा भरून दाभणानं टाके.
नोदार नुसता सिगारेट ओढत सांगायचा,
तिथे गुठळी राहिली बघ.
गेले तीन ऑगस्ट मी ती उसवली नाही.

ही मऊ, ती कडक,
ती पलीकडची म्हणे अंगाचा आकार लक्षात ठेवते.
नको.
लक्षात ठेवायला मी आहे.

"दहा वर्षांची हमी," पोरगा म्हणाला,
"दोन बोटांहून खोल खड्डा पडला तर बदलून देऊ."
आमचा चार बोटं होता. उजवीकडे.
मोजलाय मी.

कडक घेतली. पेन्शन पाहून पाय पसरले.
दोघांनी ती जिना चढवून आणली,
जुनी खाली अंगणात नेऊन टाकली.

रात्री दिवा मालवला,
सवयीनं कूस वळले,
तर उतारच नाही.
जिथं ठेवलं तिथंच राहिले
उजाडेपर्यंत.

सकाळी गॅलरीतून पाहिलं:
जुन्या गादीवर शेजारणीची मांजर,
नेमकी उजवीकडे,
खड्ड्यात मुटकुळं करून.